कॉन्फिग.सिस आणि ऑटोएक्झेक.बॅट : जुन्या डॉस मशीनच्या फाइली हाताने कशा बदलायच्या

कारखान्यात सीएनसी यंत्राला जोडलेला जुना संगणक, पतसंस्थेचा फॉक्सप्रो या डेटाबेस प्रोग्रॅममधला हिशेब, किंवा माळ्यावरून उतरवून साफसूफ केलेलं ४८६ प्रोसेसरचं मशीन. काम कुठलंही असो, मशीन सुरू होताना डॉस (विंडोजच्या आधीची, कमांड टाइप करून चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम) सी: ड्राइव्हच्या मुळाशी असलेल्या दोन साध्या मजकुराच्या फाइली वाचतं. पहिली कॉन्फिग.सिस, दुसरी ऑटोएक्झेक.बॅट. माउस हलत नाही, सीडी दिसत नाही, प्रोग्रॅम ‘मेमरी अपुरी’ म्हणून बंद पडतो, अशा तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा या दोन फाइलींतल्या एखाद्या ओळीत असतं. ती ओळ दुरुस्त करायला एखादं मिनिट लागतं. ती चुकली तर मशीन सुरूच होत नाही, म्हणून नवख्या माणसाला इथे हात लावायची भीती वाटते. परतीची वाट आधी तयार ठेवली तर ही भीती बाळगायचं कारण उरत नाही.

इथलं सगळं एमएस-डॉस ६.२२ धरून सांगितलं आहे. १९९४ साली आलेली ही आवृत्ती जुन्या मशीनवर सर्वांत जास्त भेटते. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये काय बदलतं ते शेवटी आहे. कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत, कीबोर्डवर त्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या. ‘सिस’ म्हणजे एस-वाय-एस, ‘बॅट’ म्हणजे बी-ए-टी, ‘रेम’ म्हणजे आर-ई-एम. मोठी अक्षरं वापरा की लहान, डॉसला दोन्ही सारखीच.

हात लावण्याआधी

पहिलं काम बूट फ्लॉपीचं. चांगली, वाचता येणारी १.४४ एमबीची फ्लॉपी घ्या. कोकणात किंवा पावसाळी हवेत वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या फ्लॉपीवर बुरशी धरते. तशी फ्लॉपी घातली तर ड्राइव्हचं हेडही खराब होतं. म्हणून पत्र्याची झडप सरकवून आतली तबकडी उजेडात पाहा आणि पांढरे डाग दिसले तर ती बाजूला ठेवा. मग द्या :

फॉरमॅट ए: /एस

या ‘/एस’मुळे फ्लॉपीवर डॉसच्या मूळ फाइली जातात आणि ती स्वतः मशीन सुरू करू शकते. त्यानंतर सी:\डॉस मधून एडिट.कॉम, क्यूबेसिक.ईएक्सई, सिस.कॉम, अ‍ॅट्रिब.ईएक्सई, मेम.ईएक्सई आणि एफडिस्क.ईएक्सई तिच्यावर कॉपी करा. क्यूबेसिक मुद्दाम सांगितलं आहे, कारण डॉस ५ ते ६.२२ मधला एडिट हा क्यूबेसिकच्या आधारावरच उघडतो. नुसती एडिट.कॉम नेलेली असेल तर ऐन अडचणीत फाइल उघडणार नाही. सगळ्यात शेवटी आत्ताच्या, चालू असलेल्या दोन्ही फाइली फ्लॉपीवर वेगळ्या नावाने ठेवा :

कॉपी सी:\कॉन्फिग.सिस ए:\कॉन्फिग.००१
कॉपी सी:\ऑटोएक्झेक.बॅट ए:\ऑटोएक्झेक.००१

यातले आकडे अर्थातच इंग्रजी. नावाच्या शेवटी ‘बाक’ (बी-ए-के) किंवा ‘ओल्ड’ लावायचा मोह होतो, पण तो टाळा. अनेक प्रोग्रॅम आपली स्थापना करताना नेमक्या त्याच नावाने बॅकअप घेतात आणि तुमचा बॅकअप पुसला जातो. आकडे दिले की पुढच्या खेपेला ००२, ००३ असं जाता येतं आणि कोणती फाइल कधीची तेही कळतं. हाच बॅकअप सी: वरही ठेवा. फ्लॉपी तयार झाली की तिचा खटका सरकवून भोक उघडं करा, म्हणजे तिच्यावर कुणाला काही लिहिता येणार नाही. मग तिच्यावरून मशीन एकदा खरंच सुरू करून पाहा. बायोसमध्ये (मशीन चालू होताच बोर्डावरून चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये) बूटचा क्रम आधी ए:, मग सी: असा हवा. फ्लॉपीवर ऑटोएक्झेक नसल्यामुळे डॉस तारीख आणि वेळ विचारेल. दोन्ही ठिकाणी एंटर दाबलं की ए:\ चा प्रॉम्प्ट आला पाहिजे.

बायोसमध्ये शिरलाच आहात तर हार्ड डिस्कचे सिलिंडर, हेड आणि सेक्टरचे आकडे वहीत उतरवून घ्या. या वयाच्या बोर्डावरची बॅटरी बहुधा मरायला टेकलेली असते. ती गेली की हे आकडे जातात, डिस्क सापडत नाही आणि माणूस कॉन्फिग.सिसमध्ये चूक शोधत बसतो. ३८६ आणि ४८६च्या काही बोर्डांवर निकेल-कॅडमियमची डाखलेली बॅटरी असते. तिच्यातून द्रव गळून बोर्डावरचे तांब्याचे पट्टे खाल्ले जातात. कॅबिनेट उघडल्यावर हिरवट-पांढरी बुरशी दिसली तर फाइली नंतर बघू, आधी ती बॅटरी काढणं गरजेचं आहे.

डेटा मोलाचा असेल तर डिस्कची पूर्ण प्रत घेणं सर्वांत चांगलं. मात्र काहीशे एमबीच्या आतल्या फार जुन्या आयडीई डिस्क आजच्या यूएसबी अडॅप्टरला अनेकदा ओळखूच येत नाहीत, कारण त्या नव्या पद्धतीचा सेक्टर-पत्ता समजत नाहीत. अशा वेळी त्याच मशीनमध्ये दुसरी डिस्क किंवा कॉम्पॅक्ट फ्लॅशचं कार्ड जोडून प्रत घ्यावी लागते.

परतीची दुसरी वाट कीबोर्डवरच आहे. डॉस ६ पासून ‘स्टार्टिंग एमएस-डॉस’ हा संदेश दिसताच एफ५ दाबलं की दोन्ही फाइली वगळून थेट प्रॉम्प्ट येतो. एफ८ दाबलं तर कॉन्फिग.सिसची प्रत्येक ओळ दाखवून ‘चालवू का?’ असं विचारलं जातं. संदेश साधारण दोन सेकंदच टिकतो, तेवढ्यात की दाबायची. कॉन्फिगमध्ये कुणी ‘स्विचेस=/एन’ लिहून ठेवलं असेल तर या दोन्ही की बंद असतात. नवं मशीन हातात आलं की आधी ही ओळ शोधा आणि काढून टाका. एफ५ ने आल्यावर ऑटोएक्झेक चाललेली नसते, म्हणून एडिट नुसतं न लिहिता पूर्ण पत्ता द्या :

सी:\डॉस\एडिट सी:\कॉन्फिग.सिस

एडिटमध्ये आल्ट दाबलं की मेन्यू उघडतो. आल्ट, एफ, एस म्हणजे साठवणं, आणि आल्ट, एफ, एक्स म्हणजे बाहेर पडणं. वर्डस्टारसारख्या किंवा कुठल्याही वर्ड प्रोसेसरमध्ये या फाइली उघडू नका, त्यात अदृश्य खुणा घुसतात. डिस्क आधुनिक संगणकाला जोडून बदल करत असाल तर तीन गोष्टी सांभाळा. नोटपॅड नावाच्या शेवटी गुपचूप ‘.टीएक्सटी’ जोडू शकतं. फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवली तर काही वेळा सुरुवातीला तीन अदृश्य बाइट बसतात आणि पहिलीच ओळ डॉसला कळत नाही. आणि रेमच्या ओळीत मराठी टिपण लिहायची इच्छा झाली तरी ते रोमनमध्येच लिहा, डॉसच्या पडद्यावर देवनागरीच्या जागी चित्रविचित्र चिन्हं दिसतात.

कामाची पद्धत एकच. एका वेळी एक ओळ बदला, साठवा, मशीन रीस्टार्ट करा आणि निकाल पाहा. नको असलेली ओळ पुसू नका, तिच्या आधी रेम आणि एक मोकळी जागा टाका. ती ओळ थांबते, पण हातची जात नाही. पाच ओळी एकदम बदलल्या आणि मशीन हँग झालं, तर कोणत्या ओळीने केलं हे शोधायला पाच बदलांच्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो.

मेमरीची जागा कशी वाटलेली आहे

ओळींचा अर्थ समजायला ही एक गोष्ट ठाऊक हवी. मशीनमध्ये ८ किंवा १६ एमबी रॅम असली तरी डॉसचे प्रोग्रॅम पहिल्या ६४० केबीतच चालतात. तिला कन्व्हेन्शनल मेमरी म्हणतात. ६४० ते १०२४ केबीच्या मधला ३८४ केबीचा पट्टा कार्डांसाठी राखून ठेवलेला आहे. त्यातले पहिले १२८ केबी, म्हणजे ए००० ते बीएफएफएफ, चित्रपडद्याचे. सी००० पासून ३२ केबी सहसा व्हीजीए कार्डाच्या बायोसचे. एफ००० पासून शेवटचे ६४ केबी मशीनच्या बायोसचे. मध्ये सी८०० ते ईएफएफएफ एवढी १६० केबीची जागा उरते. ती मोकळी असेल तर तिथे ड्रायव्हर (माउस, सीडी वगैरे चालवणारे छोटे प्रोग्रॅम) ठेवता येतात. हेच अप्पर मेमरीचे ब्लॉक, म्हणजे यूएमबी. १ एमबीच्या लगेच वर आणखी ६५,५२० बाइटचा एक तुकडा असतो, त्याला एचएमए म्हणतात. त्यात डॉस स्वतः जाऊन बसू शकतं.

सगळी खटपट एवढ्यासाठीच असते : डॉस आणि ड्रायव्हर यांना वर पाठवून ६४० पैकी जास्तीत जास्त जागा प्रोग्रॅमला मोकळी करून द्यायची. २८६ वर फक्त एचएमए मिळते, यूएमबीसाठी पुढे येणारं ईएमएम३८६ लागतं आणि ते ३८६ किंवा त्यापुढच्या प्रोसेसरवरच चालतं.

कॉन्फिग.सिस, ओळीमागून ओळ

एका साध्या ४८६ साठी चालणारी फाइल अशी :

डिव्हाइस=सी:\डॉस\हायमेम.सिस
डिव्हाइस=सी:\डॉस\ईएमएम३८६.ईएक्सई नोईएमएस
डॉस=हाय,यूएमबी
फाइल्स=४०
बफर्स=२०
लास्टड्राइव्ह=एच
स्टॅक्स=९,२५६
कंट्री=०४४,,सी:\डॉस\कंट्री.सिस
शेल=सी:\डॉस\कमांड.कॉम सी:\डॉस\ /ई:५१२ /पी
डिव्हाइसहाय=सी:\सीडी\ओकसीडीरोम.सिस /डी:एमएससीडी००१

‘डिव्हाइस’च्या ओळी डॉस ज्या क्रमाने वाचतं त्याच क्रमाने मेमरीत चढवतं. म्हणून हायमेम सर्वांत आधी हवं. १ एमबीच्या पलीकडचं दार तेच उघडतं. ईएमएम३८६ हायमेमच्या आधी आलं तर त्याला एक्स्टेंडेड (१ एमबीच्या वरची) मेमरी सापडत नाही आणि ते चढतच नाही. हायमेमचीच ओळ बिघडली तर ‘एचएमए नॉट अव्हेलेबल : लोडिंग डॉस लो’ असा संदेश दिसतो. त्या संदेशावरून हायमेमच्या ओळीतला पत्ता तपासायचा. सुरुवातीला मेमरी तपासण्यात हायमेम वेळ घालवतं, तो नको असेल तर ओळीच्या शेवटी ‘/टेस्टमेम:ऑफ’ लिहा. जुन्या रॅमवर निदान पहिले काही दिवस ही तपासणी चालू ठेवावी.

‘नोईएमएस’ म्हणजे यूएमबी द्या, पण एक्स्पांडेड मेमरी (६४ केबीच्या खिडकीतून तुकड्यातुकड्याने दिसणारी जादा मेमरी) नको. काही जुने गेम आणि स्प्रेडशीट एक्स्पांडेड मेमरी मागतात. त्यांच्यासाठी ‘नोईएमएस’च्या जागी ‘रॅम’ लिहावं लागतं. मग वरच्या पट्ट्यातले ६४ केबी त्या कामाला जातात आणि ड्रायव्हरना जागा कमी पडते. दोन्ही गरजा असतील तर पुढे दिलेला मेन्यू करा.

ईएमएम३८६ च्या ओळीवर मशीन हँग होणं ही या फाइलीतली सर्वांत नेहमीची अडचण. कारण बहुधा असं असतं की नेटवर्क, स्कझी किंवा दुसरं एखादं आयएसए कार्ड वरच्या पट्ट्यातली जागा वापरत असतं आणि ईएमएम३८६ ला ती मोकळी वाटते. दोघं एकाच जागेवर लिहितात आणि मशीन अडकतं. महाराष्ट्रातल्या जुन्या कार्यालयीन मशीनमध्ये पुण्याच्या सी-डॅकचं, पडद्यावर देवनागरी दाखवणारं जिस्ट कार्डही भेटू शकतं. कुठलंही अनोळखी कार्ड दिसलं की त्याच्या पुस्तिकेत किंवा जंपरजवळच्या (पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्यांजवळच्या) छापील तक्त्यात मेमरीचा पत्ता शोधा आणि तेवढा भाग वगळा :

डिव्हाइस=सी:\डॉस\ईएमएम३८६.ईएक्सई नोईएमएस एक्स=डी०००-डी७एफएफ

पुस्तिका नसेल तर आधी सगळाच पट्टा वगळा, ‘एक्स=सी८००-ईएफएफएफ’. हँग होणं थांबलं तर कारण नक्की झालं. मग वगळलेला भाग अर्ध्या-अर्ध्याने कमी करत जा. सगळं वगळूनही मशीन अडकत असेल तर दोष दुसरीकडे आहे, ईएमएम३८६ ला रेम लावून पुढे चला. त्या स्थितीत ‘डिव्हाइसहाय’च्या ओळी बिघडत नाहीत, ड्रायव्हर नुसते खालच्या मेमरीत बसतात.

‘फाइल्स’ म्हणजे एका वेळी किती फाइली उघड्या राहू शकतात. फॉक्सप्रो किंवा डीबेसवर चालणारे हिशेब टेबल आणि इंडेक्स मिळून भराभर फाइली उघडतात. ‘टू मेनी फाइल्स ओपन’ दिसलं की ४० चे ६० करा, मग १०० करा. पहिल्या आठानंतरच्या प्रत्येक फाइलीला ५९ बाइट लागतात, म्हणजे १०० ठेवल्या तरी खर्च साडेपाच केबीच्या आतच. इथे कंजुषी करू नये. ‘बफर्स’, म्हणजे डिस्कवरून वाचलेला डेटा तात्पुरता ठेवायचे कप्पे, मात्र प्रत्येकी सुमारे ५३२ बाइट खातात. डॉस वर गेलेलं असेल तर बफरही बहुतेक त्याच्याबरोबर एचएमएमध्ये मावतात, पण ५० च्या पुढे गेलात तर ते खाली उतरतात. स्मार्टड्राइव्ह (डिस्कवरचा डेटा मेमरीत जपून, म्हणजे कॅश करून, वेग वाढवणारा प्रोग्रॅम) वापरत असाल तर २० खूप झाले.

‘स्टॅक्स’ ही हार्डवेअरच्या इंटरप्टसाठी राखलेली जागा. ‘स्टॅक्स=०,०’ केलं तर दोन-अडीच केबी वाचतात, असा सल्ला मिळतो. बहुतेक मशीनवर ते चालतंही. पण ‘इंटरनल स्टॅक ओव्हरफ्लो’ येऊन सगळं थांबलं की ९,२५६ वर परत यायचं. सीएनसीच्या संगणकावर तर शून्य करूच नका, काम चालू असताना मशीन थांबलं तर नग वाया जातो.

‘कंट्री=०४४’ ही ब्रिटनची मांडणी. भारताचा ९१ हा क्रमांक डॉसच्या यादीत नाही, पण ०४४ मुळे तारीख आपल्यासारखी आधी दिवस, मग महिना अशी येते. दोन स्वल्पविराम तसेच ठेवा, मधली जागा कोड पेजसाठी (अक्षरसंचाच्या क्रमांकासाठी) असते.

‘शेल’ची ओळ सर्वांत जपून लिहा. तिच्यात पत्ता चुकला तर ‘बॅड ऑर मिसिंग कमांड इंटरप्रीटर’ म्हणून मशीन थांबतं. डॉस ६ त्यानंतर बरोबर पत्ता विचारतं, तेव्हा सी:\डॉस\कमांड.कॉम असं टाइप केलं की प्रॉम्प्ट मिळतो. ‘/ई:५१२’ म्हणजे एन्व्हायरन्मेंटसाठी (पाथ, ‘सेट’ वगैरेंची मूल्यं ठेवायच्या जागेसाठी) ५१२ बाइट. मुळात २५६ च मिळतात आणि ‘सेट’च्या ओळी वाढल्या की ‘आउट ऑफ एन्व्हायरन्मेंट स्पेस’ येतं. त्यावर उपाय म्हणजे हा आकडा १०२४ करणं. ‘/पी’ विसरला तर ऑटोएक्झेक.बॅट चालणारच नाही आणि फाइल समोर बरोबर असून काहीच का होत नाही, हे कळता कळत नाही.

शेवटच्या ओळीतला ओकसीडीरोम हा विंडोज ९८ च्या स्टार्टअप फ्लॉपीवर मिळणारा, बहुतेक आयडीई सीडी ड्राइव्हना चालणारा ड्रायव्हर. ‘डिव्हाइसहाय’ हा एकसंध शब्द आहे, ‘हाय’ एच-आय-जी-एच, मध्ये जागा नाही. आणि ‘/डी:’ नंतरचं नाव लक्षात ठेवा, पुढच्या फाइलीत तेच लागणार आहे.

ऑटोएक्झेक.बॅट

@एको ऑफ
प्रॉम्प्ट $पी$जी
पाथ सी:\डॉस;सी:\
सेट टेम्प=सी:\टेम्प
एलएच सी:\डॉस\एमएससीडेक्स.ईएक्सई /डी:एमएससीडी००१ /एल:ई
सी:\डॉस\स्मार्टड्राइव्ह.ईएक्सई
एलएच सी:\डॉस\माउस.कॉम
सेट ब्लास्टर=ए२२० आय५ डी१ एच५ टी६

यातलं स्मार्टड्राइव्हचं खरं नाव आखूड आहे : एस-एम-ए-आर-टी-डी-आर-व्ही. डॉसमध्ये नावाला आठच अक्षरं मिळतात.

एमएससीडेक्स सीडीला ड्राइव्हचं अक्षर देतो, आणि ‘एलएच’ म्हणजे प्रोग्रॅम वरच्या मेमरीत चढवा. एमएससीडेक्सच्या ओळीतलं ‘/डी:’ कॉन्फिगमधल्या नावाशी अक्षरशः जुळलं पाहिजे. शून्याच्या जागी ओ पडला तरी ‘डिव्हाइस ड्रायव्हर नॉट फाउंड’ येतं. ‘/एल:ई’ म्हणजे सीडीला ई: हे अक्षर द्या, आणि ते ‘लास्टड्राइव्ह’च्या (कॉन्फिगमध्ये दिलेल्या शेवटच्या अक्षराच्या) आत असलं पाहिजे. स्मार्टड्राइव्ह एमएससीडेक्सच्या नंतर ठेवण्याचं कारण असं की ६.२ पासून तो सीडीचीही कॅश करतो, पण त्याच्या आधी सीडी हजर असेल तरच. तो स्वतःच वरच्या मेमरीत जातो, त्याला एलएच लागत नाही. लिहिण्याची कॅशही चालू असेल (ओळीत ‘/एक्स’ नसेल तर हार्ड डिस्कसाठी ती चालू असते) तर मशीन बंद करण्याआधी ‘स्मार्टड्राइव्ह /सी’ द्यायचं, नाहीतर डिस्कवर उतरायचा राहिलेला डेटा विजेबरोबर जातो. वीज बेभरवशाची असेल तिथे लिहिण्याची कॅश ठेवूच नये.

पाथची ओळ १२७ अक्षरांच्या आत ठेवा, त्यापुढचं कापलं जातं. टेम्प नावाचं फोल्डर खरोखर अस्तित्वात आहे का तेही पाहा.

ब्लास्टरच्या ओळीतले आकडे साउंड कार्डावरच्या जंपरशी जुळले पाहिजेत. फाइलीत लिहिल्याने कार्ड बदलत नाही, ही ओळ प्रोग्रॅमना फक्त माहिती पुरवते. कार्ड आय७ वर असेल तर प्रिंटरशी भांडण होऊ शकतं, कारण पहिला पॅरलल पोर्ट इंटरप्ट ७ चा आहे. त्या वेळी जंपर ५ वर घ्या आणि ओळही तशीच करा.

नवख्यांना हमखास चकवणारी एक गोष्ट : ऑटोएक्झेकमधून दुसरी बॅट फाइल चालवायची असेल तर तिच्या आधी ‘कॉल’ लिहायलाच हवं. नाहीतर डॉस त्या दुसऱ्या फाइलीत जातं आणि परत येतच नाही, खालच्या सगळ्या ओळी वाचल्याविना राहतात. हिशेबाचा प्रोग्रॅम आपोआप उघडायचा असेल तर त्याची ओळ अगदी शेवटी ठेवा.

सगळं झालं की ‘मेम /सी /पी’ द्या. कोण कुठे बसलं आणि किती जागा घेतली ते ओळीने दिसतं. खाली ‘लार्जेस्ट एक्झिक्युटेबल प्रोग्रॅम साइझ’ हा आकडा पाहायचा, प्रोग्रॅमच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. साधारण मापं अशी : ओकसीडीरोम ३५ केबी, स्मार्टड्राइव्ह २८, एमएससीडेक्स २७, माउस १७. वरच्या पट्ट्यातली मोकळी जागा तुकड्यातुकड्यांत असते आणि प्रत्येक ड्रायव्हरला सलग जागा लागते. म्हणून मोठा ड्रायव्हर आधी चढवावा. लहान आधी गेले तर मोठा तुकडा अर्धवट भरतो आणि ३५ केबीचा गडी खाली राहतो. एखाद-दोन ओळींची अदलाबदल करून दहा-वीस केबी सहज मिळतात. डॉसबरोबर येणारा मेममेकर हे काम आपोआप करतो आणि ‘मेममेकर /अनडू’ने परतही घेता येतं, पण ओळींना तो असे आकडे चिकटवतो की पुढे हाताने बदल करणं कठीण होतं. फाइल समजून घ्यायची असेल तर हाताने करा.

ओळ आहे, पण परिणाम नाही

कधी कधी ओळ डोळ्यांना दिसते, पण डॉस ती वाचत नाही. पहिलं कारण, फाइलीच्या मध्ये कंट्रोल-झेडची खूण. डॉस तिला फाइलीचा शेवट समजतं. ‘कॉपी’ कमांडने दोन फाइली जोडल्या की ही खूण बसू शकते. एडिटमध्ये ती उजवीकडे वळलेल्या बाणासारखी दिसते, पुसून टाका. दुसरं, शेवटच्या ओळीनंतर एंटर दिलेला नसणं. मग एखादा प्रोग्रॅम आपली ओळ खाली जोडायला जातो आणि ती आधीच्या ओळीलाच चिकटते. तिसरं, तुम्ही बदलत असलेली फाइल सी:\ मध्ये नसून सी:\डॉस मध्ये असणं. असं बऱ्याच जणांचं होतं.

कॉन्फिगमधली चूक डॉस ६ ओळीच्या क्रमांकासह सांगतं, ‘एरर इन कॉन्फिग.सिस लाइन ५’ असं. संदेश पटकन वर सरकून जातात, म्हणून एफ८ ने ओळीओळीने जा. संशय असलेल्या एकाच ओळीसाठी ‘डिव्हाइस?=’ असं लिहिलं की तेवढ्याच ओळीला दर वेळी विचारणा होते.

एकाच मशीनवर दोन मांडण्या

सुरू होताना निवडीची यादी हवी असेल तर कॉन्फिग.सिसमध्ये असे विभाग करा :

[मेन्यू]
मेन्यूआयटम=हिशेब
मेन्यूआयटम=गेम
मेन्यूडिफॉल्ट=हिशेब,१०
[हिशेब]
डिव्हाइस=सी:\डॉस\ईएमएम३८६.ईएक्सई नोईएमएस
[गेम]
डिव्हाइस=सी:\डॉस\ईएमएम३८६.ईएक्सई रॅम
[कॉमन]

हायमेम, फाइल्स वगैरे सामाईक ओळींसाठी मेन्यूनंतर लगेच आणखी एक [कॉमन] विभाग करा, म्हणजे हायमेम ईएमएम३८६ च्या आधी वाचलं जाईल. शेवटचा [कॉमन] रिकामा असला तरी ठेवायचा. नवा प्रोग्रॅम आपली ओळ फाइलीच्या तळाशी टाकतो, आणि तिथे [गेम] असेल तर ती ओळ फक्त गेमच्या वेळीच चालेल. दहा सेकंदांत काही निवडलं नाही तर हिशेबाची मांडणी सुरू होते. ऑटोएक्झेकमध्ये ‘गोटू %कॉन्फिग%’ लिहून खाली ‘:हिशेब’ आणि ‘:गेम’ अशा खुणा केल्या की तिकडेही वाटा वेगळ्या होतात. पहिल्या भागाच्या शेवटी ‘गोटू एंड’ आणि फाइलीच्या तळाशी ‘:एंड’ घालायला विसरू नका, नाहीतर पहिलं संपून दुसरंही चालू लागतं. नावं रोमनमध्ये आणि आठ अक्षरांच्या आत ठेवा.

विंडोज ९५ आणि ९८

इथे हायमेम आपोआप चढतं, आणि सीडी-माउसचे डॉसचे ड्रायव्हर विंडोजला लागतच नाहीत. ते फक्त निव्वळ डॉसमध्ये काम करायचं असेल तरच हवेत. जुन्या मशीनवर विंडोज चढवल्यावर मागे राहिलेल्या अशा ओळींना रेम लावून पाहा, मशीन अनेकदा हलकं होतं. सिसएडिट हा प्रोग्रॅम दोन्ही फाइली आणि विन.आयएनआय, सिस्टीम.आयएनआय एकाच खिडकीत उघडतो. आयएनआय फाइलीत टिपणासाठी रेम नाही, ओळीच्या आधी अर्धविराम द्यायचा.

सर्वांत मोठा फरक एमएसडॉस.सिसचा. डॉस ६.२२ मध्ये हीच डॉसची गाभ्याची फाइल आहे, तिला हात लावायचा नाही. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये त्याच नावाची फाइल साधा मजकूर आहे आणि बदलता येते. आधी कुलूप काढा :

अ‍ॅट्रिब -आर -एस -एच सी:\एमएसडॉस.सिस

मग एडिटमध्ये उघडून [ऑप्शन्स] विभागात ‘बूटजीयूआय=०’ केलं तर मशीन डॉसच्या प्रॉम्प्टवर थांबतं आणि ‘विन’ लिहिल्यावर विंडोज उघडतं. ‘बूटमेन्यू=१’ केलं तर दर वेळी निवडीची यादी येते. फाइलीत एक्स-एक्स-एक्सने भरलेल्या निरर्थक वाटणाऱ्या ओळी दिसतील, त्या पुसू नका. फाइल १०२४ बाइटपेक्षा मोठी राहावी म्हणून त्या मुद्दाम घातलेल्या आहेत. बदल झाला की ‘अ‍ॅट्रिब +आर +एस +एच’ने कुलूप परत लावा.

सगळं नीट चालू झालं की दोन्ही फाइलींची नवी प्रत फ्लॉपीवर पुढच्या क्रमांकाने घ्या. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जोडलेला असेल तर ‘टाइप सी:\कॉन्फिग.सिस > पीआरएन’ देऊन त्या कागदावरही काढा. साउंड कार्डाचा जंपर, कार्डांचे पत्ते आणि हार्ड डिस्कचे आकडे त्याच कागदावर पेनाने लिहा आणि कागद कॅबिनेटच्या आतल्या बाजूला, पंख्यापासून लांब चिकटवून ठेवा.